दळवीकाकांच्या ड्राइव्हमधला चोरकप्पा

आमच्या घरातलं कपाट उघडायचं तर एक पाय मागे ठेवून उघडावं लागतं. दार सुटलं की वरच्या फळीवरची चादर, जुन्या केबल्सचं भेंडोळं आणि कुणीतरी आहेरात दिलेला लेमन सेट एकदम अंगावर येतो. माझी मुलगी सायली आल्यागेल्याला हे कपाट मुद्दाम दाखवते आणि सांगते, "ही माझी आई. जन्मभर लोकांच्या डिस्का आवरत होती." लोक हसतात. मीही हसते, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घाटकोपरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला होते. तिथे कॉम्प्युटर आले, ते बिघडायला लागले आणि दुरुस्तीवाला तीन-तीन दिवस फिरकायचा नाही, म्हणून मीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. माझं तांत्रिक शिक्षण ते एवढंच. पुढे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लहान लहान ऑफिसं वर्षाच्या करारावर सांभाळू लागले. प्रिंटर अडकला, व्हायरस आला, "ताई, नेट गेलंय" हे सगळं होतंच. पण माझं नाव झालं ते डिफ्रॅगसाठी.

डिफ्रॅग म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना तांदळावरून समजवायची. दहा किलो तांदूळ आणलेत आणि घरात मोठा डबा रिकामा नाही. मग जो डबा अर्धामुर्धा रिकामा दिसेल त्यात थोडे थोडे ओतले, आणि कुठे ओतले त्याची चिठ्ठी फ्रिजवर लावली. भात होतो, पण करणारीला सात डबे उघडावे लागतात. जुन्या हार्ड डिस्कचं असंच असतं. आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक सुई मागेपुढे पळत फाइल वाचते. फाइल तुकड्यातुकड्यांत पडली असेल तर सुईची पळापळ होते आणि गिऱ्हाईक "कॉम्प्युटर स्लो झालाय" म्हणून फोन करतं. ते तुकडे गोळा करून एकापाठोपाठ एक लावायचे, हे डिफ्रॅग.

ते चालू असताना पडद्यावर रंगीत चौकोन सरकत असायचे. बोरिवलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी पूजा झाली की चहा घेऊन तेच बघत बसायचे. रोज करायची काही गरज नाही, असं मी दहादा सांगितलं. त्यांची बायको म्हणाली, "राहू दे गं, तेवढा वेळ तरी माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडत नाहीत."

मग कुलूपबंद ड्राइव्ह आल्या. ही खरी ड्राइव्ह नसतेच. डिस्कवर एक भलीमोठी फाइल असते, बाहेरून बघाल तर निव्वळ कचरा. पासवर्ड टाकला की तीच फाइल वेगळी ड्राइव्ह म्हणून उघडते. आत फोल्डर करा, फोटो ठेवा, काम झालं की बंद करा. घरातल्या घरात कुलपाची ट्रंक असावी तसं. डॉक्टर, वकील, ज्यांच्याकडे दुसऱ्यांच्या गोष्टी सांभाळायला असतात, त्यांना ही ट्रंक फार आवडली.

गोम अशी, की इथे पसारा दोन ठिकाणी होतो. ट्रंकेच्या आतल्या वस्तू विखुरतात, हा एक. आणि ट्रंक म्हणजे शेवटी फाइलच, त्यामुळे ती स्वतःही डिस्कवर तुकड्यांत पडलेली असू शकते. म्हणून आवरायचंही दोनदा. आधी ट्रंक बंद ठेवून बाहेरची डिस्क आवरायची, म्हणजे ट्रंक अखंड होते. मग पासवर्ड टाकून ती उघडायची आणि आतलं आवरायचं. बहुतेक जण यातलं एकच करायचे आणि मग मला बोलवायचे. घाटकोपरच्या एका होमिओपॅथ डॉक्टरांनी तर गरजेप्रमाणे आपोआप वाढणारी ट्रंक करून घेतली होती. पेशंटमागे ती थोडी वाढायची आणि वाढलेला तुकडा जागा मिळेल तिथे जाऊन पडायचा. पेशंटची माहिती उघडेपर्यंत पेशंट उठून जायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, आमच्या औषधाला सबुरी लागते, पण एवढी नाय हो." मी डिस्क रिकामी केली आणि एकदाच पूर्ण आकाराची ट्रंक करून दिली.

आताच्या नव्या डिस्कमध्ये तबकडीही नाही आणि सुईही नाही. तुकडे कुठेही असोत, तिला फरक पडत नाही. उलट उगाच हलवाहलव केली तर ती झिजते. ज्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, ते काम करू नका असं आता मलाच सांगावं लागतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

माझे तीन नियम होते आणि मला त्यांचा फार तोरा होता. पहिला, कामाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाच्या ट्रंकेची कॉपी माझ्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. ही डिस्क मी प्रत्येक कामाआधी रिकामी करायची. दुसरा, काम पसंत पडलं की ती कॉपी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पुसायची. आणि तिसरा, आत काय आहे ते कधीही विचारायचं नाही. "पासवर्ड तुम्ही टाका, मी भिंतीकडे बघते," असं म्हणून मी खरोखर पाठ फिरवायची. माझ्यावर लोकांचा विश्वास होता तो यामुळेच, असं मी मानत होते.

मुलुंडचे दळवीकाका वधूवर सूचक केंद्र चालवायचे. सत्तरी ओलांडलेले, मूळचे कणकवलीकडचे, कायम इस्त्रीचा बुशशर्ट. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे ऑफिस आणि मागे घर. काकू गेल्यापासून एकटेच असायचे. मुलामुलींचे फोटो, पत्रिका, पगार, कुणाचं आधीचं मोडलेलं लग्न, असं सगळं त्यांच्याकडे यायचं, म्हणून त्यांच्या पुतण्याने त्यांना कुलूपबंद ड्राइव्ह करून दिली होती. दर आठवड्याला नवे फोटो यायचे आणि जमलेल्यांचे काढले जायचे, त्यामुळे आत कायम पसारा. वर्षातून दोनदा मी जायची. आणि दर वेळी निघताना विचारायची, "काय काका, आमच्या सायलीचं?"

कारण सायलीचं नाव मीच त्यांच्याकडे नोंदवलं होतं. दोन वर्षं झाली होती. काका दर वेळी चष्मा पुसत म्हणायचे, "बघतोय ना. साजेसं स्थळ यायला हवं." मला नवल वाटायचं. मुलगी शिकलेली, नोकरीवाली, दिसायला नीटस आणि या माणसाकडे एक स्थळ नाही! एकदा तर मी घरी येऊन काकांच्या नावाने बोटंही मोडली. सायली तेव्हा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असू दे गं आई, वय झालंय त्यांचं."

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी काकांचा वधूवर मेळावा होता, म्हणून बुधवारी सकाळीच त्यांनी मला बोलावलं. कॉपी घेतली, बाहेरून आवरलं, मग आतून आवरलं. फोटो पटापट उघडायला लागले. काका खूश झाले. मी त्यांच्यासमोर कॉपी पुसली, नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर घेतलं आणि मरोळला दुसऱ्या कामाला गेले.

गुरुवारी सकाळी काकांचा फोन. "सुनंदाताई, काल ड्राइव्हमध्ये काय काय केलंत?"

"नेहमीचंच. का, परत स्लो झाली?"

"नाय नाय, झकास चालतेय."

"मग?"

"काय नाय. सहज." आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत. "समजा हं, समजा, एखाद्याची आत आणखी एक ड्राइव्ह असली तर?" मी म्हटलं, कसली आणखी एक? परत फोन बंद. तिसऱ्यांदा मात्र नुसतंच, "येता काय जरा?"

मी गेले तर काका ऑफिसच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले. बुशशर्टाला इस्त्री नव्हती, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. मला बघून त्यांचं मुलुंडचं मराठी पार गळून पडलं. "अगो बाय, माझी वाट लागली!"

मी मागच्या खेपेला येऊन गेल्यानंतर पुतण्याने त्यांच्या ट्रंकेला चोरकप्पा करून दिला होता. एकाच ट्रंकेला दोन पासवर्ड. एक टाकला तर नेहमीची ट्रंक उघडते, दुसरा टाकला तर तिच्याच तळातला चोरकप्पा. बाहेरून तो कुणालाही कळत नाही. इतकंच नाही, पहिल्या पासवर्डने उघडलेल्या ट्रंकेलाही तो कळत नाही. तिला वाटतं ती जागा रिकामीच आहे. आणि डिफ्रॅगला रिकामी जागा दिसली की ते तिथे सामान नेऊन ठेवतं. मी बुधवारी आत जे नीटनेटकं रचलं होतं, ते त्या चोरकप्प्यावर रचलं होतं. काकांनी आता दुसरा पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर विचारत होता, "ही ड्राइव्ह फॉरमॅट करायची का?" म्हणजे आतलं त्याला काही वाचताच येत नव्हतं.

मला संताप आला. "काका, सांगायचं ना मला!"

"सांगायचं नाय, हाच तर त्याचा उपयोग ना गो! पोराने शपथ घातली होती." मग म्हणाले, "आणि तुम्ही तरी इचारलात काय?"

हे मात्र लागलं. वर्षानुवर्षं ज्या नियमाचा तोरा मिरवला, त्यानेच काकांचं नुकसान केलं होतं. आत काय आहे हे विचारायचं नाही, ते ठीक; पण आत आणखी काही आहे का, एवढं विचारायला कुणी बंदी केली होती?

काका हळूहळू बोलायला लागले. नाव कुणाचंच घेतलं नाही. "आईबाप नाव नोंदवून जातात. मग दोन दिवसांनी मुलगा नाहीतर मुलगी एकटी येते. काका, आईला बोलू नका, पण मला फिट्सची गोळी चालू आहे. काका, मला लग्नच नको, वर्षभर स्थळ दाखवू नका. काका, त्या अमुक घरात मला पाठवू नका. असं काय काय सांगतात. ते मी तिथे लिहून ठेवतो. ज्यांनी काय सांगितलं नाय त्यांचं नावच नाय तिथे. पूर्वी डोक्यात राहायचं सगळं, आता राहत नाय. रविवारी कोणाला कोणासमोर बसवायचं नाय, ते मला कसं कळणार? एखाद्या पोरीने विश्वासाने सांगितलं आणि मी नेमकं तिलाच त्या टेबलावर बसवलं तर?" त्यांचे डोळे भरून आले होते. मेळावा रद्द करायचा का, असंही त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, कामाआधी मी कॉपी घेतली होती."

"ती तर माझ्यासमोर पुसलात ना!"

आता माझी पाळी होती. इतकी वर्षं मी लोकांसमोर ऐटीत बटण दाबून "पुसलं हं" म्हणत आले, त्यातलं खरं तेव्हा कबूल करावं लागलं. पुसणं म्हणजे फक्त फ्रिजवरची चिठ्ठी फाडणं. तांदूळ डब्यात तसेच असतात, त्यांच्यावर दुसरं काही ओतेपर्यंत. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही पण खोटं बोलत होता?" मी म्हटलं, "कुलूपबंद असतं ना काका, कुणाला उघडता आलं नसतं." ते म्हणाले, "ह्याला म्हणतात इमानदारी," आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

चिठ्ठी नसताना सात डब्यांतले तांदूळ परत गोळा करणं जवळजवळ अशक्य. पण माझी डिस्क त्या दिवशी रिकामी होती, त्यामुळे काकांची ट्रंक तिच्यावर एकाच जागी, सलग पडलेली असणार. कुठून सुरू होते ते सापडलं की पुरे. प्रश्न एकच होता, तिच्यावर दुसरं काही ओतलं गेलंय का? बुधवारी दुपारी मरोळच्या कारखान्याची कॉपी याच डिस्कवर घ्यायची होती, आणि ती बरोबर काकांच्या ट्रंकेवरच गेली असती. पण कारखान्याच्या मालकाने मला दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग म्हणाला, "ताई, आज माल निघतोय, मशीन बंद नाही करता येणार, पुढच्या आठवड्यात या ना." त्या माणसाला मी परत येताना तोंडात येईल ते बोलले होते. आता त्याचे पाय धरावेसे वाटले.

पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम मी लावला. डिस्क जुनी आणि सावकाश. काकांनी तेवढ्या वेळात तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरले. दोन तासांनी पडद्यावर एक फाइल आली. नावातलं पहिलं अक्षर उडालेलं, अशा फाइलींचं ते उडतंच, पण आकार तोच, तंतोतंत. मी ती काकांच्या डिस्कवर परत आणली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे काका एका बोटाने दुसरा पासवर्ड टाकत होते. मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे सगळे सणवार पाठ झाले.

"आसा!" काका ओरडले. "आसा गो बाय, सगळा आसा!"

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांनी जमवलेल्या लग्नांतही बघितला नव्हता. फाइली धड आहेत की नाहीत याची तपासणी मी लावली आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. मेळाव्याच्या जेवणवाल्याचा. काका बोलत बोलत बाहेरच्या पायरीवर गेले.

तपासणी सुरू झाली की फाइलींची नावं एकेक करून वर सरकत जातात. मी नुसतीच बघत होते, काही वाचत नव्हते. आणि सायलीचं नाव सरकलं. तिचं नाव, तिचा नोंदणी नंबर, जो मीच फॉर्मवर लिहिला होता.

ज्यांनी काही सांगितलं नाही, त्यांचं नाव तिथे नाही, असं काका दोन-तीन तासांपूर्वीच म्हणाले होते. म्हणजे माझी मुलगी इथे एकटी येऊन गेली होती. या खुर्चीत बसून तिने काकांना काहीतरी सांगितलं होतं आणि "आईला बोलू नका" म्हणाली होती. दोन वर्षांचं "साजेसं स्थळ यायला हवं" मला एका क्षणात कळलं.

काका पायरीवर श्रीखंड की बासुंदी यावर वाद घालत होते. माउस माझ्या हातात होता. मी काही साध्वी नाही. मी ती फाइल शोधून काढली, तिच्यावर बाण नेऊन ठेवला आणि माझं बोट खरोखर वर उचललं गेलं होतं. दुखत होतं आतून. आईला सांगता येत नाही आणि मुलुंडच्या परक्या माणसाला सांगता येतं, असं काय असेल? मग वाटलं, परक्या माणसाला सांगावं लागलं, कारण आईने कधी विचारलं नाही. आई फक्त स्थळं विचारत होती.

मी हात काढून घेतला आणि हाक मारली, "काका, एखादी फाइल तुम्हीच उघडून बघा. मी नको." ते लगबगीने आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाण अजून त्या नावावरच होता. त्यांनी तो खाली नेला, दुसरीच एक फाइल उघडली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

निघताना मी त्यांना समजावून सांगितलं, बाहेरून डिफ्रॅग केलं तर चालतं, तेव्हा ट्रंक चोरकप्प्यासकट जशीच्या तशी हलते. आतून मात्र यापुढे कधीही नाही, स्लो चालली तर चालू दे. त्या दिवशी नेहमीचा प्रश्न मी विचारला नाही.

संध्याकाळी सायली ऑफिसातून आली. चहा तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "सायली, काय ते मला सांगू नकोस. आत आणखी काही आहे का, तेवढंच सांग."

तिने बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तसंच राहिलं आणि तुटून पडलं. "दळवीकाका बोलले?"

"काकांनी ब्र काढला नाही. मी विचारतेय."

बराच वेळ ती कपातलं बिस्कीट चमच्याने शोधत राहिली. मग म्हणाली, "आहे." आणि थोड्या वेळाने, मी काही विचारलं नाही तरी, "गोरेगावला स्टुडिओत असतो. लायटिंगचं काम करतो. रोहन नाव. तू त्या शेजारच्या मुलावरून बोलली होतीस ना, स्टुडिओवाल्याला मुलगी देण्यापेक्षा जन्मभर घरात ठेवीन. मग काय सांगणार तुला, यार?"

मी बोलले होते. चारचौघांत, हसत हसत, स्वतःच्या विनोदावर खूश होऊन बोलले होते. ते वाक्य मी कधीच विसरले होते आणि तिने ते जपून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." एवढं म्हणायला मला दुसरा चहा करायला उठावं लागलं. पाठमोरीच विचारलं, "बासुंदी आवडते का त्याला?" सायली हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही दोघींनी मिळून गॅसवर उतू गेलेला चहा पुसला.

रविवारी मेळाव्याला मी मदतीला गेले. काका ताज्या इस्त्रीच्या बुशशर्टात, कागद न बघता या टेबलावरून त्या टेबलावर मुलामुलींना हलवत होते. कुणाला तरी एका टेबलावर बसता बसता त्यांनी अलगद दंडाला धरून दुसरीकडे नेलं. का, ते त्या दोघांनाच माहीत. दुपारी जेवणाच्या वेळी ते जरा टेकले. मी त्यांच्याजवळ बासुंदीची वाटी घेऊन गेले आणि नेहमीसारखं विचारलं, "काय काका, आमच्या सायलीचं?"

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे नीट बघितलं. मला कळलंय, हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे, हेही मला माहीत होतं. त्यांनी चष्मा सावकाश पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले, "बघतोय ना. साजेसं स्थळ यायला हवं."

मी वाटी त्यांच्या हातात दिली. "बघा," म्हटलं, "काही घाई नाही."